पाणी 'बाटले' म्हणणारे पाण्यातला व्होल्टेज का मोजत नाहीत?

पट्टीचा पोहणारा पोरगा विहिरीत बुडतो. गाव म्हणते, ही विहीर बळी घेते. कोणी साती आसरांचे नाव घेते, कोणी अमावास्येचे. पोलिसांच्या कागदावर 'पाण्यात बुडून आकस्मिक मृत्यू' अशी नोंद होते आणि विषय संपतो. त्याच विहिरीत सोडलेल्या मोटारीच्या केबलकडे, तिच्या टेप गुंडाळलेल्या जोडाकडे कोणी बघत नाही. आम्ही विचारतो : त्या वेळी पाण्यात वीज होती का, हे कोणी तपासले?

मित्रांनो, हा प्रश्न हवेतला नाही. पाण्यात उतरलेल्या वीजगळतीने पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, हातपाय चालत नाहीत आणि माणूस खरोखरच बुडतो. कोरड्या जागी शॉक लागला तर बऱ्याचदा भाजल्याची खूण राहते. पाण्यात प्रवाह सगळ्या अंगातून पसरतो, त्यामुळे अशी खूण बहुधा सापडत नाही. म्हणून शवविच्छेदनात 'बुडून मृत्यू' एवढेच दिसते. कारण विजेचे असते, दोष मात्र मयताच्या धाडसावर किंवा आसरांवर जातो.

गोड्या पाण्यात हा धोका समुद्रापेक्षा जास्त असतो. खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वीजवाहक असल्याने बराचसा प्रवाह शरीराला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यापेक्षा मात्र आपले शरीरच चांगले वाहक असते, म्हणून प्रवाह शरीराची वाट धरतो. विहीर, शेततळे, नदी, पोहण्याचा तलाव, रंगीत दिव्यांच्या कारंज्यांचे आणि बोटिंगचे तलाव हे सगळे याच प्रकारात येतात.

'फ्यूज आहे ना' असे सांगणाऱ्यांना आम्ही आकडे दाखवू. साधारण १० ते १५ मिलिअँपिअरला हाताची पकड सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येते. पाच अश्वशक्तीची मोटार सात-आठ अँपिअर, म्हणजे सात-आठ हजार मिलिअँपिअर घेते आणि तिचा फ्यूज त्याहून वरचा असतो. माणूस मरेल एवढी गळती त्या फ्यूजला कळतसुद्धा नाही. फ्यूज मोटार वाचवतो. माणूस वाचवायला गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, लागतो.

आता थोडे इतिहासाकडे वळू. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून पंचगव्य ओतून त्याचे 'शुद्धीकरण' केले. तो विटाळ कोणत्या मापकाने मोजला होता? कोणत्याच नाही. जो मोजता येत नव्हता त्या विटाळासाठी माणसे मारली गेली, आणि जो मोजता येतो तो व्होल्टेज मोजायला आज कोणाला वेळ नाही. आमच्या मते ही एकाच मानसिकतेची दोन टोके आहेत. पाण्याविषयी श्रद्धा भरपूर, पण त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाची किंमत शून्य.

मोजणे अवघड नाही. परवानाधारक वायरमन मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून पाणी आणि चांगले अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज पाहू शकतो. पाण्यात दोन टोके एकमेकांपासून अंतरावर सोडून त्यांच्यातला फरकही घेता येतो, कारण पोहणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह ढकलतो तो हाच फरक. मिलिअँपिअर दाखवणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात मोटारीच्या सगळ्या फेजच्या तारा आणि न्यूट्रल असल्यास तोही एकत्र धरायचा, अर्थिंगची तार बाहेर ठेवायची. सगळे ठीक असेल तर बेरीज शून्याजवळ येते. आकडा दिसला तर गळती आहे. जेट्टीवर किंवा तलावात सोडून ठेवायची, धोका दिसताच आवाज करणारी यंत्रेही मिळतात. तपासणी काठावरूनच करायची, त्यासाठी कोणालाही पाण्यात उतरवायचे नाही.

पण यंत्रावरही आंधळी श्रद्धा नको. मोटार बंद असताना शून्य दाखवणारा मीटर ती सुरू होताच वेगळे बोलेल. म्हणून मोटार, दिवे, कारंजी सगळे चालू करून आणि पुन्हा बंद करून मोजावे लागते. एकदा शून्य आले म्हणजे पाणी कायमचे सुरक्षित झाले असे नाही. मापक धोका दाखवतो, तो अडवत नाही. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने २०११ मध्ये बोटींच्या जेट्ट्यांना गळतीसंरक्षण सक्तीचे केले आणि २०१७ मध्ये त्याची मर्यादा १०० वरून ३० मिलिअँपिअरवर आणली. तिथे जबाबदारी पोहणाऱ्यावर नाही, वीज वापरणाऱ्यावर टाकली गेली.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गळतीसंरक्षणाची तरतूद आहे. विद्युत कायदा २००३ चे कलम १६१ अपघाताची सूचना आणि चौकशी सांगते. 'बुडून मृत्यू' लिहिले की ही चौकशीच टळते आणि भरपाईचा दावा जन्मण्याआधीच मरतो. बागाईतदाराकडे वकील असतो. शेतमजुराच्या आईकडे फक्त पंचनाम्याची झेरॉक्स असते.

म्हणून आमच्या मागण्या अशा : पाण्याजवळ मोटार किंवा दिवे असतील आणि पोहता येणारा बुडाला असेल, तर विद्युत निरीक्षकाची तपासणी झाल्याशिवाय प्रकरण बंद करू नये. सार्वजनिक तलाव आणि बोटिंगच्या जागी ३० मिलिअँपिअरचे संरक्षण आणि तपासणीची तारीख लिहिलेला फलक असावा. तलाव साफ करणारा कंत्राटी कामगार पाण्यात उतरण्याआधी वीज तोडलेली असावी.

आणि कार्यकर्त्यांनो, वस्तीत हे आजच सांगा : पाण्यात झिणझिण्या आल्या तर आला त्याच बाजूला परत फिरा, लोखंडी शिडी किंवा पाइप धरू नका. कोणी तडफडताना दिसला तर आधी वीज तोडा, मागोमाग उडी मारू नका.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे पाणी आणि वीज हे दोन्ही विषय होते. स्वस्त आणि मुबलक वीज ही त्यांना गरिबीतून बाहेर पडण्याची वाट वाटत होती. ती वीज आमच्या पोरांचा जीव घेत असेल आणि आम्ही आसरांना नारळ फोडत असू, तर महाडला आम्ही काय शिकलो? पुढच्या वेळी नारळ नको, मीटर घेऊन विहिरीवर जा.

जय भीम!