गोदी वगळून विजयदुर्ग कसा कळणार?

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. विदर्भाच्या वाट्याला एकही नाही. अड्याळ-पवनीकडच्या माणसाला याची रुखरुख वाटणारच. पण यादीत आलेले किल्ले तरी आपण नीट पाहतो का?

विजयदुर्गाचेच पाहा. वाघोटन खाडीच्या मुखावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. पर्यटक तिहेरी तट पाहतो, बुरुजावर फोटो काढतो आणि परततो. खाडीत थोडे आत, गिर्ये गावाजवळ, खडक फोडून केलेली गोदी आहे. लांबी सुमारे 109 मीटर, रुंदी 70. तिकडे मात्र क्वचितच कोणी वळतो.

किल्ल्याची खरी ताकद तिथे होती. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते उथळ पाण्यातून सहज आत शिरत. खोल बुडाच्या युरोपीय जहाजांना ते जमत नसे. मार खाल्लेले गलबत गोदीत दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर जाई. म्हणूनच 1717 आणि 1720 मध्ये इंग्रज आणि 1724 मध्ये डच इथून हात हलवत परतले.

फेब्रुवारी 1756 मध्ये चित्र पालटले. तुळाजी आंग्रे जुमानेना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. वॉटसनच्या जहाजांनी समुद्रातून तोफा डागल्या, क्लाइव्हची फौज जमिनीवर उतरली. एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले होते. त्याची आग पसरत गेली आणि बंदरातले सारे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती पडला.

तो त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांना मिळाला. जळालेले आरमार मात्र कोणत्याही तहात परत मिळणारे नव्हते. शत्रूच्या तोफांना आपल्याच माणसावर वाट करून देण्याचा हा सौदा मराठ्यांना फार महागात पडला.

हा इतिहास बाजूला राहतो आणि विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागल्याची कथा मात्र हौसेने सांगितली जाते. हेलियमची रेषा 1868 मध्ये सूर्याच्या वर्णपटात दिसली, तेव्हा ज्यांच्या नावावर ही कथा सांगतात ते खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले 1898 च्या ग्रहणाला. ही भेटही मोलाची आहे. तिला खोटा शिक्का कशाला?

खरा वारसा बाजूला राहण्याची हीच गत पवनीचीही आहे. वैनगंगेकाठच्या या गावाला तटबंदी आणि खंदक आहे. 1969-70 च्या उत्खननात इथे प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. तरी बोलणे निघते ते बहुधा वेशीच्या दरवाजाचेच. नदी, खंदक, स्तूप आणि जुनी वस्ती एकत्र दाखवणारा नकाशा दरवाजाशी लावायला फार पैसा लागत नाही.

विजयदुर्गावर तर आता जगभरातून माणसे येतील. त्यांच्यासाठी गिर्येच्या गोदीपर्यंत धड वाट, तिथे माहितीचा फलक आणि खाडीतून बोटीची फेरी, एवढे तरी सरकारने पुढच्या पावसाळ्याआधी करावे. गोदीची राखण आणि वाटाड्याचे काम गिर्येच्याच तरुणांना द्यावे.