मोफत संगणकप्रणाली आणि देखभालीचे मोल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण मोफत आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, परंतु अन्यथा धडधाकट असलेले संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवावी, हा विचार शाळा-महाविद्यालयांनी स्वीकारण्याजोगाच आहे. मात्र 'मोफत' या शब्दाचा आपण लावतो तो अर्थ अपुरा आहे.

लिनक्स आले तरी विंडोजची गरज संपत नाही. हिशेबाची अनेक पॅकेजे, तसेच पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारखी मराठी टंकलेखनाची जुनी साधने विंडोजसाठीच घडविलेली आहेत. त्यांच्याकरिता व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने लिनक्सच्या पोटात एक आभासी यंत्र उभारून त्यात विंडोज चालवितात.

अडचण उद्भवते ती लिनक्स अद्ययावत केल्यानंतर. व्हर्च्युअलबॉक्सचा एक लहानसा भाग लिनक्सच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, जोडलेला असतो. कर्नल बदलला की तो भाग जुळेनासा होतो आणि आभासी यंत्र सुरूच होत नाही. उपाय अवघड नाही. नव्या कर्नलच्या हेडर-फाइली बसवून तो भाग पुन्हा घडवावा. सिक्युअर बूट चालू असल्यास त्यावर डिजिटल स्वाक्षरी करावी. तोवर जुन्या कर्नलवर संगणक सुरू करून काम भागवावे. परंतु प्रत्येक वेळी कारण तेच असेल असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या कर्नलपासून केव्हीएम हा लिनक्सचा स्वतःचा घटक प्रोसेसरची आभासीकरणाची सोय आरंभीच ताब्यात घेऊ लागला आणि व्हर्च्युअलबॉक्सची यंत्रे अडली. तेथे केव्हीएम बाजूस सारणे हा एक तात्कालिक उपाय होता. वास्तविक केव्हीएम २००७ पासून कर्नलचाच भाग असल्याने त्याच्याबरोबरच अद्ययावत होतो. संस्थांनी त्याचा विचार प्रथम करावा.

यावर कोणी म्हणेल की, मग अद्ययावत करूच नये. हा सल्ला घातक आहे, कारण सुरक्षेतील छिद्रे त्यानेच बुजतात. विकतच्या प्रणालीकडे परतणे हाही उपाय नव्हे; देखभाल तिलाही चुकत नाही. फरक इतकाच की, विकतच्या मालाचा खर्च बिलात दिसतो, तर मोफत मालाचा खर्च जाणत्या कारकुनाच्या वा शिक्षकाच्या फावल्या वेळातून मुकाट्याने वसूल होतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो खर्चच होय. परीक्षेच्या तोंडावर प्रात्यक्षिके अडली की त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

पवनानगरच्या रहिवाशांना हे वेगळे सांगावयास नको. धरण एकदा बांधले, तरी त्याच्या दरवाजांची निगा सतत राखावीच लागते, आणि त्या खर्चास कोणी उधळपट्टी म्हणत नाही. हाच न्याय संगणककक्षासही लावला पाहिजे. नवी आवृत्ती प्रथम एकाच संगणकावर पारखावी, सत्र ऐन भरात असताना कर्नल बदलू नये, केलेली दुरुस्ती वहीत नोंदवून ठेवावी आणि हे काम करणाऱ्याचे तास कार्यभारात धरावेत. अंदाजपत्रकात देखभालीचे स्वतंत्र शीर्ष असल्याखेरीज मोफत प्रणालीचा स्वीकार ही काटकसर ठरत नाही; खर्चाचा बोजा तेवढा दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.