ठुमरीच्या घरातला ड्रमर

शोभा गुर्टू हे नाव काढले की आपल्याकडच्या रसिकांचे डोळे आपोआप मिटतात. त्यांचा मुलगा त्रिलोक ड्रम वाजवतो म्हटले की तेच रसिक नाक मुरडतात. चांगला तबला सोडून पोरगा ‘तिकडे’ गेला, असा एकंदर सूर. मला तो पटत नाही.

शोभाताई बेळगावच्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. हे आडनाव ऐकताच आम्हा गोंयकारांचे कान टवकारतातच. त्रिलोक यांचा जन्म १९५१ चा, मुंबईतला. आधी तबला, मग जॅझ आणि रॉकचे वेड. रेकॉर्डिंगमध्ये एका वाद्यावर दुसरे मागाहून चढवतात, हे त्यांना सुरुवातीला ठाऊकच नव्हते. त्यामुळे तबकडीवर ऐकू येणारे सगळे ते एकट्याने, एका दमात वाजवायला शिकत राहिले! ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे.

पुढे ते डॉन चेरीबरोबर वाजवू लागले. ‘ओरेगॉन’चा तबला-सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४ साली गेला, त्याच्या जागी ते आले. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर त्यांनी जे वाजवले, ते एकदा ऐकाच.

त्यांची बैठक पाहण्यासारखी असते. स्टूल नाही. जमिनीवर अर्धा गुडघा टेकून, भोवती तबला, ड्रम, झांजा आणि पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा स्वर मींड घेतल्यासारखा खाली घसरतो. नवख्याला ही गंमत वाटेल. पण तबलजी डग्ग्यावर मनगट घासून जे करतो, तेच हे धातूकडून करवून घेणे आहे. तोंडाने बोल म्हणायचे आणि मग ते हातातून काढायचे, हेही आपलेच. म्हणजे तबला सुटलेला नाही. तो ड्रममध्ये शिरला आहे.

आणि ड्रम आपल्याला इतका परका का वाटावा? आमचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन्ही हातांनी नि पायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरत, असे जुनी माणसे सांगतात. ड्रमर तरी रोज वेगळे काय साधायला बसतो? आमचे घुमट देवळातल्या आरतीलाही वाजते आणि मांडोलाही. कातड्याला धर्म नसतो हे गोव्याला वेगळे शिकवायला नको. तरीही अनेक हिंदू घरांत मूल तबल्याच्या शिकवणीला गेले तर कौतुक, आणि त्याने ड्रम मागितला तर ‘आपल्यात नाही ते’!

१९८८ साली त्रिलोक यांचा ‘उसफ्रेत’ हा अल्बम आला. त्यात मुलाच्या वाद्यांबरोबर शोभाताई स्वतः गायल्या आहेत. ठुमरीच्या त्या सम्राज्ञीला ड्रमचा विटाळ झाला नाही. मग आपल्यालाच तो का व्हावा?