विद्यापीठाच्या किल्ल्या कोणाकडे?

धर्मसंस्थेने काढलेल्या विद्यापीठात मोकळा विचार होऊ शकतो का, असे विचारले की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. श्रद्धा आली की चौकशी संपली, असे एक म्हणतो. दुसरा जेझुइटांनी 1869 साली मुंबईत काढलेल्या सेंट झेवियर्सकडे बोट दाखवतो आणि तिथून बाहेर पडलेल्यांची नावे घेतो. दोघेही श्रद्धेभोवतीच वाद घालतात. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्रश्न दुसरीकडेच आहे असे दिसते. नावडते बोलणाऱ्या प्राध्यापकाला घरी पाठवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर विद्यापीठाचा मोकळेपणा ठरतो. देव्हारा आवारात असला काय किंवा नसला काय, त्याने फारसा फरक पडत नाही.

1967 हे साल या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वॉशिंग्टनमधली कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका ही 1887 साली स्थापन झालेली, थेट बिशपांच्या ताब्यातली संस्था. चार्ल्स करन हे तिथे नीतिशास्त्र शिकवणारे धर्मगुरू. संततिनियमनासारख्या विषयांवर ते चर्चच्या अधिकृत शिकवणीपेक्षा वेगळे बोलत, म्हणून त्या एप्रिलमध्ये विश्वस्तांनी त्यांची नेमणूक पुढे न चालवण्याचे ठरवले. विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी संप करून विद्यापीठ बंद पाडले आणि काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे काही प्रमुख कॅथलिक विद्यापीठांचे धुरीण जमले. बाहेरची सत्ता, मग ती सरकारची असो वा धर्मपीठाची, विद्यापीठाच्या विद्याविषयक कामात चालणार नाही, असे निवेदन त्यांनी काढले. पुढाकार होता थिओडोर हेसबर्ग यांचा. इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाचे ते 1952 ते 1987 अशी पस्तीस वर्षे अध्यक्ष होते. ते निवेदनावर थांबले नाहीत. होली क्रॉस संघाच्या एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूने 1842 साली उभारलेले हे विद्यापीठ तोवर त्या संघाच्याच कारभारात होते. 1967 मध्येच ते बहुसंख्य सामान्य, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या, विश्वस्तांच्या मंडळाकडे सोपवले गेले.

दोन संस्थांमधला हा फरक पुढच्या काळात कसाला लागला. 1986 मध्ये व्हॅटिकनने करन यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवले. या वेळी संपाचे बळ कामी आले नाही. त्यांचे वर्ग बंद झाले, ते न्यायालयात गेले आणि 1989 मध्ये हरले. नोटर डेममध्ये रिचर्ड मॅकब्रायन हेही धर्मगुरूच आणि चर्चच्या कारभारावर जाहीर टीका करणारे. अमेरिकी बिशपांच्या समितीने त्यांच्या गाजलेल्या ग्रंथावर लेखी आक्षेप घेतले, पण त्यांचे अध्यापन चालूच राहिले. 2009 मध्ये नोटर डेमने पदवीदान समारंभाला बराक ओबामांना बोलावले, तेव्हा गर्भपाताबाबतच्या त्यांच्या भूमिकेमुळे देशभरातल्या अनेक बिशपांनी विरोध केला. स्थानिक बिशप समारंभाला आले नाहीत. काही पदवीधरांनी समारंभाकडे पाठ फिरवून आवारातल्या ग्रोटोपाशी, म्हणजे गुहेसारख्या प्रार्थनास्थळापाशी, प्रार्थना केली. तरी ओबामा आले आणि त्याच विषयावर बोलले. निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांना आवारातच जागा मिळाली, हेही मला तितकेच मोलाचे वाटते. बिशपांना विरोध करता आला, समारंभ थांबवता आला नाही, कारण तो अधिकारच त्यांच्याकडे नव्हता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नोटर डेमचा अध्यक्ष आजही होली क्रॉस संघाचाच धर्मगुरू असावा लागतो, आणि विश्वस्तांच्याही वर बारा 'फेलो' असतात, त्यांतले सहा त्याच संघाचे. मग सत्ता सोडली कुठे? सगळी सोडली नाही, हे मान्य करायलाच हवे. पण संस्थापकांचा वारसा कारभारात राहणे वेगळे आणि त्यांच्या एका पत्राने प्राध्यापकाचा वर्ग बंद होणे वेगळे. दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा आहे. त्यांच्या मते अशा स्वायत्ततेने विद्यापीठाचे कॅथलिकपणच विरघळते. याच काळजीतून पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1990 मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी स्वतंत्र संहिता जारी केली. मात्र नोटर डेमचे आवार पाहिले की ही भीती टिकत नाही.

तिथे पदवीचे विद्यार्थी सुमारे नऊ हजार आणि त्यांतले जवळपास ऐंशी टक्के कॅथलिक. प्रत्येक वसतिगृहात चॅपल असते. अमेरिकी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांना, म्हणजे फ्रॅटर्निटींना, तिथे थारा नाही. विद्यार्थ्याची ओळख तो राहतो त्या वसतिगृहावरून होते. 2018 पासून प्रवेश घेणाऱ्यांना पहिली सहा सत्रे आवारातच राहावे लागते. अभियंता होणाऱ्यापासून हिशेबनीस होणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला धर्मशास्त्राचे दोन आणि तत्त्वज्ञानाचा निदान एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. ही सक्ती मला खटकत नाही. जिथे ग्रंथ चिकित्सेने वाचला जातो आणि शिक्षकाला मतभेदाची मुभा असते, तिथे धर्म हा अभ्यासाचा विषय होतो. ज्या देशात धर्मावर इतके बोलले जाते, तिथे तो नीट शिकवलाही जावा.

खटकते ते वेगळे. मुलामुलींची वसतिगृहे स्वतंत्र आहेत. रात्री बारानंतर, शुक्रवारी-शनिवारी दोननंतर, एकमेकांच्या वसतिगृहातल्या खोल्यांत थांबायला बंदी आहे आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई होते. समलिंगी विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त संघटनेसाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. ती स्थापन करण्याचा निर्णय 2012 च्या डिसेंबरमध्ये झाला. बाहेरच्या सत्तेपासून प्राध्यापकाला मिळालेले संरक्षण सज्ञान विद्यार्थ्याच्या खासगी आयुष्यापर्यंत पोहोचलेले नाही. 1967 चे काम इथे अर्धे राहिले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात खासगी विद्यापीठे वेगाने वाढत आहेत आणि त्यांतली बहुतेक कोणत्याही धर्मपीठाची नाहीत. पण अध्यक्षपदी संस्थापक आणि मंडळावर त्यांचेच कुटुंबीय, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. तिथे प्राध्यापकाची नोकरी एका घराच्या मर्जीवर असेल, तर ते विद्यापीठ बिशपांच्या ताब्यातल्या विद्यापीठापेक्षा अधिक मोकळे कसे म्हणायचे? हेसबर्ग स्वतः होली क्रॉसचे धर्मगुरू होते, आणि आपल्याच संघाच्या हातातला कारभार दुसऱ्यांकडे देण्याचे काम त्यांनी केले. आपल्या शिक्षणसंस्थाचालकांनी निदान निम्म्या जागा बाहेरच्या, स्वतंत्र माणसांना द्याव्यात. आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी फी, वसतिगृह आणि प्लेसमेंटबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : इथल्या प्राध्यापकाला कामावरून कोण काढू शकते, आणि त्याला दाद कुठे मागता येते?