गल्ल्यावर बायको, पण तिला पगार दाखवून कर वाचतो का?

तालुक्याच्या गावातली दुकानं बघितली तर निम्म्या वेळेला गल्ल्यावर बाईच बसलेली असते. नवरा माल आणायला, नाहीतर शेतावर. रिटर्न भरायची वेळ आली की कुणीतरी सल्ला देतं, बायकोला महिना पंधरा हजार पगार दाखवा, तेवढा कर वाचेल. हा सल्ला बहुतेकांच्या कामाचा नाही.

ज्या धंद्याच्या नफ्यात नवऱ्याचा २० टक्के किंवा जास्त वाटा आहे, तिथून बायकोला मिळालेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर वाटा १०० टक्केच. १९६१ च्या कायद्यात हे कलम ६४ होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, हा नियम मात्र राहिला. दुकान बायकोचं आणि पगार नवऱ्याला, तरी हिशेब तोच.

यातून सुटका एकच. बायकोकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि पगार त्याच कामाचा हवा. मेडिकल नवऱ्याचं आणि बायको शिकलेली फार्मासिस्ट, औषधं तीच देते, तर पगार तिचा. तीच बाई नुसता गल्ला सांभाळत असेल तर नाही. पगारही बाहेरच्या माणसाला दिला असता तेवढाच दाखवावा, आणि तो खात्यावर जमा करावा. एका दिवसात एकाला १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च मंजूर होत नाही.

किराणावाल्यांचं तर वेगळंच. बरेच जण उलाढालीच्या ८ टक्के, ऑनलाइन जमा रकमेवर ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरतात. त्यात सगळा खर्च आधीच धरलेला असतो, बायकोचा पगार पुन्हा वजा होत नाही. उलट पगार दाखवला तर तो नवऱ्याच्या उत्पन्नात वर चढतो! शिवाय नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आता करच लागत नाही. मग वाचवायचं काय?

खरं नुकसान बाईचं होतं. दहा-दहा वर्षं दुकान चालवूनही तिच्या नावावर उत्पन्न दिसत नाही, आणि कर्ज मागायला गेली की बँक रिटर्न मागते.

त्यावर वाट आहे, पण पैसा तिचा लागतो. नवऱ्यानं पैसे देऊन बायकोच्या नावावर पिठाची गिरणी टाकली, तर त्या पैशाच्या प्रमाणात उत्पन्न नवऱ्याचंच धरलं जातं. तिनं बचत गटातून किंवा बँकेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, हप्ते गिरणीच्या कमाईतून फेडले, तर उत्पन्न तिचं. पॅन, खातं, वीज मीटर सगळं तिच्याच नावावर असावं. उद्यम नोंदणीही करून घ्यावी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पाचशे रुपये देऊ नयेत.