तटाच्या आतली बाग

तट बांधणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असते : परक्याला आत येऊ द्यायचे नाही. अकलूजला नीरेच्या काठी उभा असलेला भुईकोट त्याला अपवाद नसणार. आज मात्र त्याच तटाच्या आत शिवसृष्टी आहे. शिवचरित्रातले प्रसंग तिथे शिल्पांतून उभे केले आहेत आणि ते पाहायला सहलीची मुले, सुट्टीत आलेल्या माहेरवाशिणी, गावोगावचे पाहुणे आत जातात. लोकांना अडवण्यासाठी बांधलेली भिंत आता लोकांना बोलावते आहे.

हे भाग्य सगळ्याच भुईकोटांना लाभत नाही. डोंगरी किल्ल्याला त्याची उंचीच राखते. सपाटीवरचा कोट आणि गावातली गढी यांना राखणार कोण? कितीतरी गढ्यांची पांढरी माती घरांच्या भिंतींसाठी आणि धाब्यांसाठी खणून नेली गेली, घडीव चिरे कुणाच्या जोत्यात जाऊन बसले. तिथे शत्रू आला नव्हता. गरज होती आणि विचारणारे कुणी नव्हते.

शहरांनी तर ठरवून तट पाडले. मुंबईच्या कोटाचा तट १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात गेला. तोफांच्या माऱ्यासाठी तटाबाहेर मोकळ्या ठेवलेल्या जागेतून आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने राहिली. व्हिएन्नात १८५७च्या राजाज्ञेने तट पाडून त्या जागी रुंद वर्तुळाकार रस्ता आणि बागा केल्या. पोलंडमधल्या क्राकोवने त्याआधीच जुन्या तटाच्या जागी शहराभोवती झाडांचा पट्टा लावला होता. लोकांना मोकळी हवा मिळाली, पण बहुतेक तट गेला. आपल्या शनिवारवाड्यात उलटे घडले : १८२८च्या आगीत आतला वाडा गेला, तट उरला आणि आत हिरवळ आली. तट राखून आत लोकांना जागा देणारे अकलूज याच वाटेवरचे आहे. मला ही वाट अधिक शहाणपणाची वाटते.

मात्र तिच्यात एक धोका आहे. आतली शिल्पे पाहता पाहता तट म्हणजे केवळ मागचा पडदा होऊन बसतो. शिवचरित्रातले थोर प्रसंग प्रतापगडचे, आग्र्याचे, रायगडचे. मग अकलूजचे स्वतःचे काय? १६८९च्या फेब्रुवारीत औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी त्याला इथेच मिळाली. त्याने गावाचे नाव असदनगर केले. पुढे १८०३च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवायला निघालेली आर्थर वेलस्लीची फौज इथेच मुक्कामाला होती. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

या आठवणी कडू आहेत. म्हणून त्या मुलांपासून लपवायच्या का? बादशहाने दिलेले नाव कागदात राहिले, लोकांच्या तोंडी अकलूजच राहिले. दहा वर्षांच्या मुलाला समजेल असा हा इतिहास आहे आणि तो या तटाशी उभे राहूनच सांगायला हवा.

तो सांगायला तट मात्र शिल्लक पाहिजे. २०२१ मध्ये अकलूजची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. गाव वाढेल, जागेचे भाव वाढतील, बागेत नवनवे काही करण्याची हौसही वाढेल. त्या हौसेच्या आधी सांध्यांत रुजणारे पिंपळाचे रोप वेळीच काढायला हवे. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला चुन्यानेच डागडुजी करायला हवी. सिमेंटने पाणी आत अडते आणि चिरा सुटत जातो. बँकेत उमर गेलेल्या माणसाला हे हिशेबाच्या भाषेतच सुचते : तट हे मुद्दल आहे, बाग हे त्यावरचे व्याज. व्याज सर्वांनी आनंदाने खावे. सुकलेली हिरवळ पुढच्या पावसात पुन्हा येईल, ढासळलेला बुरूज कुठल्याच पावसात उगवत नाही. तेव्हा वर्षाच्या खर्चात पहिली रक्कम तटाच्या नावावर पडावी, फुलझाडांची त्यानंतर.