बारा चौकोनांचा रकाना

जून-जुलैत महाविद्यालये उघडली की अर्जांचा हंगाम सुरू होतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती ही नेहमीची मंडळी. अलीकडे काही ठिकाणी त्यांत एका नव्या रकान्याची भर पडली आहे. आवारातील वाय-फाय वापरावयाचे असेल तर विद्यार्थ्याने आपल्या स्मार्टफोनचा ‘मॅक ॲड्रेस’ लिहून द्यावयाचा. त्यासाठी अर्जावर बारा चौकोन छापलेले असतात. ते कशाने भरायचे हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते आणि खिडकीपलीकडच्या कारकुनालाही बहुधा नसते. गेल्या वर्षी अशा अर्जांचा एक गठ्ठा माझ्या हाती आला. कोणी त्यात पंधरा आकडी आयएमईआय कोंबला होता, कोणी स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहिला होता, आणि एका भाबड्याने गाव-तालुक्यासह घरचा पत्ता दिला होता. ‘ॲड्रेस’ मागितला, त्याने तो दिला. त्याचे काय चुकले?

आयएमईआय हा संपूर्ण फोनचा क्रमांक. फोन चोरीस गेला तर पोलिसांना आणि दूरसंचार कंपनीला तोच लागतो. मॅक पत्ता हा फोनमधील वाय-फायच्या यंत्रणेला कारखान्यात मिळालेला क्रमांक. तो ४८ बिटांचा असतो. लिहिताना त्याची बारा अक्षरे होतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली. साधारणतः पहिली सहा उत्पादकाची, उरलेली सहा त्या नगाची. उत्पादकांना हे क्रमांक आयईईई ही अमेरिकेतील अभियंत्यांची संस्था घाऊक विकते. मोठ्या गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक क्रमांक असतात आणि त्याची किंमत काही हजार डॉलर. म्हणजे एका क्रमांकाला पाच पैसेही पडत नाहीत. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला इतकी स्वस्त ओळख अन्यत्र आढळलेली नाही.

या कल्पनेमागे मुंबईच्या आयआयटीत शिकलेला एक माणूस आहे. झेरॉक्स कंपनीत काम करणारे योगेन दलाल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ साली एका निबंधात ४८ बिटांच्या क्रमांकाची मांडणी केली. यंत्र कोणत्याही जाळ्यात जोडले तरी त्याचा क्रमांक जगात एकमेव असावा, हा त्यामागचा विचार. त्या काळी यंत्रे कचेरीतल्या टेबलांवर बसून असत. ती उद्या माणसाच्या खिशात बसून बाजारभर हिंडतील, हे तेव्हा कोणाच्या हिशेबात असणार?

वाय-फाय चालू असलेला फोन आसपास कोणते जाळे आहे याचा शोध घेत असतो, आणि पूर्वी प्रत्येक हाकेत तो आपला खरा पत्ता उच्चारीत असे. लंडनमध्ये २०१३ साली एका जाहिरात कंपनीने रस्त्यावरच्या कचरापेट्यांत यंत्रे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे हे पत्ते टिपले. बोभाटा झाल्यावर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील नगर प्रशासनाने तो उद्योग थांबवायला लावला. पुढे फोन बनविणाऱ्यांनी उपाय काढला. २०१४ पासून आयफोन जाळे शोधताना खोटा पत्ता सांगू लागले; २०१९ च्या अँड्रॉइड १० ने आणि २०२० च्या आयओएस १४ ने प्रत्येक जाळ्यापुरता निराळा पत्ता घेण्याची पद्धत रूढ केली.

म्हणजे आज फोनला खरा पत्ता एक आणि बनावट पत्ते अनेक. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर सापडतो तो बहुधा खरा. ज्या वाय-फायला फोन जोडला आहे त्याच्या तपशिलात दिसतो तो त्या जाळ्यापुरता. ओळखण्याची एक खूण आहे: बारांपैकी दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने स्वतः तयार केलेला पत्ता समजावा. विद्यार्थी पहिल्या पानावरचा पत्ता अर्जात लिहितो, फोन दाराशी दुसराच सांगतो, आणि दार उघडत नाही. मग त्याला सांगितले जाते, ‘ते प्रायव्हेट ॲड्रेसचे बटण बंद कर.’

आक्षेप आहे तो येथे. कचरापेट्यांना केवळ क्रमांक मिळत होते, नावे नव्हती. आपल्या अर्जात नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि फोनचा खरा पत्ता एकाच ओळीत येतात. आवारात जागोजागी वाय-फायची यंत्रे असतात. कोण केव्हा ग्रंथालयात होते आणि केव्हा उपाहारगृहात, हे त्यांच्या नोंदींवरून सांगता येईल. तसे कोणी करतो असे मी म्हणत नाही. पण ही वही किती वर्षे ठेवणार, कोण पाहणार, याबद्दल अर्जावर एक अक्षर नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने संमती ही ठराविक कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती मानली आहे, याचे स्मरण संस्थाचालकांना करून द्यावेसे वाटते.

बरे, यातून सुरक्षितता तरी साधते काय? वाय-फायवरील प्रत्येक संदेशात हा पत्ता उघडाच जातो. थोडे तंत्र जाणणारा कोणीही दुसऱ्याचा पत्ता ऐकून स्वतःच्या यंत्राला चिकटवू शकतो. अडतो तो सरळ विद्यार्थी, ज्याचा फोन फुटला आणि ज्याने जुन्या बाजारातून दुसरा घेतला. त्याला पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. संस्थेचा जो खर्च वाचतो तो त्याच्या वेळेतून वसूल होतो, आणि हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यंत्राऐवजी माणसाला ओळखणारी व्यवस्था उपलब्ध आहे. प्रत्येकाला स्वतःचे नाव व परवलीचा शब्द देणारी ‘एड्युरोम’ ही सेवा भारतात अर्नेटमार्फत चालते. ज्या संस्थांना ती आज घेणे शक्य नाही त्यांनी निदान एवढे करावे: पत्ता कोठे पाहावा हे अर्जावर मराठीत छापावे, त्या जाळ्यापुरता बनावट पत्ता स्थिर राहत असेल तर तोच स्वीकारावा, आणि परीक्षा संपल्यावर वही नष्ट केल्याची सूचना फलकावर लावावी.